मुंबईत विजेची ट्राम येणार होती, म्हणून या पारशी शास्त्रज्ञानं चुंबकाच्या सुया अलिबागला नेल्या

अलिबाग म्हटलं की मुंबई-पुण्याकडच्या लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे शनिवार-रविवारची ट्रिप आणि दुसरा तो ‘अलिबाग से आया है क्या’ वाला टोमणा. या टोमण्याला वैतागून एक अलिबागकर थेट मुंबई हायकोर्टात गेले होते. २०१९ साली कोर्टानं ती याचिका फेटाळली. टोमणा काही थांबला नाही.

पण याच अलिबागच्या किनाऱ्याजवळ एक आवार आहे, ज्याच्या बाजूनं ट्रिपला आलेली माणसं कुलाबा किल्ल्याकडे जाताना न बघता निघून जातात. आत जुन्या इमारती आहेत, झाडं आहेत आणि गडबड अजिबात नाही. ही अलिबागची चुंबकीय वेधशाळा. १९०४ पासून इथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जाते. जपानपासून अमेरिकेपर्यंत भूचुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही अलिबाग हे नाव सांगा, त्याला ते माहीत असतं. आणि ते टोमण्यातलं अलिबाग नसतं.

ही वेधशाळा अलिबागला आली कशी, तर मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार होती म्हणून. आणि ती वेळेत इथं आणली नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस या माणसानं.

नानाभाई मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा, पारशी कुटुंबातला. त्यांच्या जन्माच्या जेमतेम दोन महिने आधी, १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला, सूर्यावर मोठा स्फोट होऊन पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं होतं. युरोप-अमेरिकेतल्या तारांमधून ठिणग्या उडाल्या, तारबाबूंना शॉक बसले, एरवी ध्रुवांकडे दिसणारे आकाशातले रंग उष्ण कटिबंधाच्या आसपासच्या लोकांनी पाहिले. हे वादळ ज्या मोजक्या ठिकाणी आकड्यांत पकडलं गेलं, त्यातलं एक ठिकाण होतं मुंबईची कुलाबा वेधशाळा. पुढे याच वेधशाळेची सूत्रं मूस यांच्या हातात येणार होती.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली उभी केली. हेतू अगदी व्यवहारी होता. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी, आकाशातल्या ताऱ्यांचे वेध हवेत. १८४१ साली एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्थर ऑर्लेबार यांनी इथं चुंबकत्वाच्या नोंदी सुरू केल्या. त्या काळात युरोपात कार्ल गाउस या जर्मन गणितज्ञानं एक कल्पना रुजवली होती, की जगभर ठिकठिकाणी एकाच वेळी चुंबकसूचीकडे बघायचं आणि आकडे जुळवायचे. इंग्रजांनी आपल्या वसाहतींमध्ये त्यासाठी वेधशाळा काढल्या, त्या लाटेत कुलाबाही आलं.

मराठी माणसाला यात ओळखीची नावंही सापडतात. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती. आणि लोकमान्य टिळकांचे गुरू, गणिती केरूनाना छत्रे, हे ऐन तरुण वयात इथं ऑर्लेबार यांच्या हाताखाली नोकरीला लागले. केरूनानांचं गाव कुठलं? नागाव. म्हणजे अलिबागपासून हाकेच्या अंतरावरचं. नागावचा मुलगा सुया वाचायला कुलाब्याला गेला आणि साठ-पासष्ट वर्षांनी त्या सुयांचं कामच त्याच्या गावाशेजारी येऊन पोचलं. केरूनाना हे बघायला नव्हते, ते १८८४ साली गेले.

आता या सुया करतात काय, ते आधी समजून घेऊ. होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करून थांबते, हे शाळेत शिकवलेलं असतं. प्रत्यक्षात ती कधीच पूर्ण थांबत नाही. सूर्य उगवतो तशी ती किंचित सरकायला लागते, दुपारी वेगळी असते, रात्री शांत होते. हा फरक इतका बारीक, की डोळ्यांना दिसत नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा मुंबईच्या भागातला आडवा जोर आज साधारण ३८,००० नॅनोटेस्ला आहे आणि एरवीच्या दिवसात त्यात होणारी हालचाल काही दहा नॅनोटेस्लांची. म्हणजे हजारात एखादा भाग. ती पकडण्यासाठी छोटा चुंबक बारीक धाग्याला टांगतात, त्याला आरसा लावतात. आरशावर दिव्याचा प्रकाश सोडला की चुंबक केसभर फिरला तरी समोरचा ठिपका बराच सरकतो.

सुरुवातीला माणसं तासातासाला जाऊन हे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत. दिवसा लिहीत, रात्री लिहीत, धो-धो पावसात लिहीत. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांच्या काळात फोटोग्राफीचा कागद आला. घड्याळावर फिरणाऱ्या नळकांड्यावर कागद गुंडाळायचा, आरशातून आलेला ठिपका त्यावर पाडायचा. दिवसभराची रेघ आपोआप उमटते.

मूस यांनी सिव्हिल इंजिनिअरिंगमधली एल.सी.ई. ही तेव्हाची पदवी घेतली, मग एडिनबरा विद्यापीठातून बी.एस्सी. केलं. एडिनबराच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो झाले. १८९६ साली चेंबर्स वारले आणि मूस वेधशाळेचे संचालक झाले. या जागेवर कायम नेमणूक मिळालेले ते पहिले भारतीय. वय होतं ३६.

ते साल मुंबईला चांगलंच लक्षात राहिलं, पण दुसऱ्या कारणासाठी. त्याच वर्षी शहरात प्लेग शिरला. लोक मुंबई सोडून पळत होते. कुलाब्याची रेघ मात्र तुटली नाही. पुढच्याच वर्षी, जून १८९७ मध्ये आसामला प्रचंड भूकंप झाला आणि सरकारला जाग आली की भारतात भूकंप मोजायची सोयच नाही. मग जी दोन-तीन ठिकाणं निवडली, त्यात कुलाबा होतं. १८९८ साली तिथं मिल्न पद्धतीचं भूकंपमापक बसलं. म्हणजे वारा, पाऊस, वेळ, चुंबकत्व आणि आता भूकंप, सगळं मूस यांच्या अंगावर.

आणि मग आली ट्राम.

मुंबईत ट्राम १८७४ पासूनच होती, पण घोडे ओढायचे. १९०० च्या आसपास ती विजेवर न्यायच्या हालचाली सुरू झाल्या. शहरासाठी ही आनंदाची बातमी होती. घोडे दमतात, आजारी पडतात, रस्ते घाण होतात. विजेची ट्राम म्हणजे नवं युग. मूस यांच्यासाठी मात्र हा धोक्याचा इशारा होता.

का? हे समजायला गाड्यांच्या गॅरेजमध्ये डोकावलं तर सोपं जातं. समजा एखाद्याकडे १९९०च्या आसपासची स्पोर्ट्स कार आहे. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. आजच्या गाडीला स्कॅनर जोडला की कोड वाचता येतो. त्या काळच्या कित्येक गाड्यांमध्ये मात्र एका जोडणीतल्या ठरावीक दोन पिना वायरनं जोडायच्या आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. चार लांब, एक छोटा, असं. मग पुस्तकात बघायचं, कोड कशाचा आहे. समजा निघाला एखाद्या सेन्सरचा. मालक महागडा सेन्सर मागवतो, बसवतो आणि दोन दिवसांनी दिवा परत लागतो.

मुरलेला वायरमन अशा वेळी सेन्सरला हात लावत नाही. तो आधी अर्थिंग बघतो. गाडीत प्रत्येक दिव्याला, मोटारीला बॅटरीच्या प्लसपासून वायर जाते, पण परतीला वेगळी वायर नसते. बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडलेला असतो आणि सगळा करंट बॉडीतल्या लोखंडातून परत येतो. बॉडीला जोडणारी पट्टी गंजली, सैल झाली की परतणारा करंट मिळेल त्या वाटेनं घुसतो. कधी तो सेन्सरच्या वाटेवर येतो. मग सेन्सर ठणठणीत असूनही त्याचा आकडा चुकीचा दिसतो आणि कॉम्प्युटर सेन्सरलाच दोषी ठरवतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत जुनी गाडी ठेवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

विजेच्या ट्रामचं गणित हेच होतं, फक्त शहराएवढं मोठं. वरच्या तारेतून करंट येणार, मोटार फिरवणार आणि परत जाणार रुळांतून. वेगळी परतीची तार नाही. आणि रूळ तर जमिनीत बसवलेले. जमीन ओली, त्यात मुंबईची. मग थोडा करंट रूळ सोडून जमिनीत उतरणार, पाण्याचे नळ पकडणार, वाटेल तिथून फिरून वीजघराकडे परतणार. १८२० सालीच डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं दाखवून दिलं होतं की करंट वाहिला की शेजारची चुंबकसूची हलते. म्हणजे क्रॉफर्ड मार्केटला ट्राम सुटली की कुलाब्यात सुई हलणार. ट्राम थांबली की पुन्हा हलणार. मग कागदावरच्या रेघेत सूर्य कुठला आणि ट्राम कुठली, हे कुणालाच सांगता आलं नसतं. आणि गाडीत निदान अर्थिंगची पट्टी साफ करता येते, इथं ट्रामच्या रुळांना कोण हात लावू देणार?

ही नुसती भीती नव्हती. कॅनडातल्या टोरोंटोमध्ये हे घडून गेलं होतं. तिथं १८९२ साली विजेची ट्राम आली, वेधशाळेच्या नोंदी बिघडल्या आणि शेवटी १८९८ साली चुंबकीय उपकरणं शहराबाहेर अॅजिनकोर्टला हलवावी लागली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेवर हीच वेळ आली, तिचं चुंबकीय काम १९०८ साली स्कॉटलंडमधल्या एस्कडेलमुइर या निर्जन जागी गेलं. टोकियोचं काम १९१३ साली काकिओकाला गेलं. जपानी लोक तर याबाबतीत इतके कडक, की काकिओकाच्या आसपास आजही रेल्वे साध्या डीसी विजेवर चालवता येत नाही. टोकियोहून त्या दिशेला जाणाऱ्या गाड्या मध्येच एसीवर जातात.

टोरोंटोत आधी नोंदी बिघडल्या, मग उपकरणं हलली. मुंबईत बिघडण्याआधी हलली. मूस यांचं वेगळेपण इथं दिसायला लागतं.

पण हलवायचं म्हणजे कुठं? जागा मुंबईपासून इतकी लांब हवी की शहराची वीज पोचणार नाही. इतकी जवळ हवी की तिथलं चुंबकत्व कुलाब्याशी जुळतं राहील आणि मुंबईहून देखरेख ठेवता येईल. नकाशावर बोट ठेवलं तर मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेला, साधारण ३० किलोमीटरवर, अलिबाग येतं. मध्ये समुद्र. कारखाने नाहीत, रेल्वे नाही. रेल्वेचं म्हणाल तर प्रवाशांसाठी ती अलिबागला अजूनही नाही. या गोष्टीवरून अलिबागकर चिडतात ते बरोबरच आहे, पण वेधशाळेला मात्र ते फळलं.

यात एक गंमतही झाली. कान्होजी आंग्र्यांच्या किल्ल्याचं नाव कुलाबा आणि त्यावरून तेव्हाच्या जिल्ह्याचं नावही कुलाबा. अलिबाग हे त्याचं मुख्य ठाणं. १९८१ साली त्याचं रायगड झालं. म्हणजे मुंबईच्या कुलाब्यातून निघालेली वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात येऊन पोचली. जुने सरकारी कागद वाचताना यामुळे गोंधळ उडतो, तेव्हा कुणी सांगितलं की कुलाबा वेधशाळा अलिबागला होती, तर भांडू नका. दोघंही बरोबर असू शकता.

बांधकाम ही दुसरी डोकेदुखी. कोकणात घर बांधायचं तर जांभ्याचा चिरा, नाहीतर काळा दगड. दोन्ही इथं निकामी. जांभा लाल असतो तो लोखंडामुळेच आणि सह्याद्रीचा काळा बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. ते स्वतःच बारीक चुंबक. अशा दगडाच्या खोलीत सुई टांगणं म्हणजे वजनकाट्याच्या पारड्याखाली बोट ठेवण्यासारखं. म्हणून वेधशाळेसाठी समुद्रमार्गे काठेवाडातून पोरबंदरचा फिका दगड आणला. लोखंडाचा खिळा नको, कडी नको, बिजागरी नको. जिथं धातू लागेल तिथं तांबं-पितळ. शिवाय उकाड्यानं चुंबकाचा जोर बदलतो, म्हणून उपकरणांची खोली अशी बांधली की बाहेर मे महिना असो की जानेवारी, आतलं तापमान फार हलू नये.

१९०४ साली अलिबागला नोंदी सुरू झाल्या. कुणालाही वाटेल की आता कुलाब्याचं काम बंद करून कुलूप लावावं. एवढा खर्च करून नवी इमारत बांधली, मग दोन्हीकडे माणसं कशाला? मूस यांनी कुलाबा बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी चालू राहिल्या.

संपूर्ण गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा आहे, आणि तोच सगळ्यात कमी सांगितला जातो. इमारत दिसते, दगड दिसतो, ही दोन वर्षं दिसत नाहीत.

किराणा दुकानदार जुना काटा मोडीत काढून नवा आणतो तेव्हा शहाणा असेल तर काही दिवस दोन्हीवर माल तोलून बघतो. नवा काटा जुन्यापेक्षा पाच ग्रॅम जास्त दाखवतो हे एकदा कळलं, की जुन्या वहीतले आकडे आणि नव्या वहीतले आकडे एकमेकांशी बोलू शकतात. हे केलं नाही तर दोन वेगळ्या वह्या. कुलाबा आणि अलिबाग यांच्यात ३० किलोमीटरचं अंतर, खाली वेगळे खडक, वेगळी उपकरणं. दोन्हीकडचे आकडे एक येणं शक्यच नव्हतं. किती फरक येतो, तो कायम राहतो की ऋतूप्रमाणे बदलतो, वादळाच्या दिवशी काय होतं, हे ताडून बघायला दोन पूर्ण वर्षं घेतली.

पणाला लागलं होतं काय, तर १८४६ पासूनची सलग साखळी. पृथ्वीचं चुंबकत्व फार सावकाश बदलतं. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण ११ वर्षांचं. एका चक्रातून काही शिकायला दशकं लागतात. साठ वर्षांची साखळी १९०६ साली तुटली असती तर पुढच्या शास्त्रज्ञाला पुन्हा शून्यापासून साठ वर्षं मोजत बसावं लागलं असतं. ती दोन वर्षं मिळाली म्हणून आज कुलाबा-अलिबाग ही एकच सलग नोंद मानली जाते आणि ती पावणेदोनशे वर्षांच्या पुढे गेलीय. इतकी लांब नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

१९०६ साली कुलाब्यातल्या चुंबकीय नोंदी थांबल्या. ७ मे १९०७ ला मुंबईच्या रस्त्यावर पहिली विजेची ट्राम धावली. कुलाब्यात हवामान आणि भूकंपाचं काम चालूच राहिलं, त्याला ट्रामचा त्रास नव्हता.

पुढची गोष्ट टेबलावरची आहे, पण मूस यांचं नाव टिकलं ते तिच्यामुळे. साठ वर्षांचे कागद त्यांच्यासमोर होते. दर तासाला एक आकडा धरला तर एका घटकाचेच सव्वापाच लाख आकडे होतात. कॅल्क्युलेटर नाही, हातानं बेरीज. १९१० साली मुंबईच्या सरकारी छापखान्यातून त्यांचे दोन जाडजूड खंड आले. कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातल्या चुंबकीय नोंदी. पहिल्या खंडात आकडे आणि उपकरणं. दुसऱ्यात, या आकड्यांचा अर्थ काय.

या दुसऱ्या खंडात मूस यांनी चुंबकीय वादळांकडे ज्या पद्धतीनं बघितलं, ते साधं वाटतं पण तेव्हा नवं होतं. वादळं वेगवेगळ्या तारखांना, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी सुरू होतात. एकेक रेघ बघितली तर सगळी वेडीवाकडी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. मूस यांनी घड्याळातली वेळ बाजूला ठेवली. वादळ सुरू झालं तो क्षण शून्य धरला आणि तिथपासून पहिला तास, दुसरा तास असे अनेक वादळांचे आकडे एकाखाली एक लावून सरासरी काढली. मग त्या गोंधळातून एक आकार वर आला. सुरुवातीला चुंबकत्वाचा जोर एकदम थोडा वाढतो, मग काही तासांत खोल कोसळतो आणि पुढचे काही दिवस हळूहळू पूर्ववत होत राहतो.

पुन्हा गॅरेजकडे बघितलं तर हे ओळखीचं वाटेल. एका गाडीचा एक कोड फार काही सांगत नाही. त्याच मॉडेलच्या शंभर गाड्या हाताखालून गेलेला मेकॅनिक, दिवा लागायच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं याचा क्रम ओळखतो.

इंग्लंडचे सिडनी चॅपमन हे पुढे या क्षेत्रातले फार मोठे नाव झाले. त्यांनी हीच पद्धत अनेक वेधशाळांच्या नोंदींना लावून वादळांचा आकार पक्का केला आणि त्यामागचं कारण शोधायचा प्रयत्न केला. खोल घसरणीचं कारण, म्हणजे पृथ्वीभोवती विद्युतभारित कणांचं कडं तयार होतं हे, कळायला आणखी काही दशकं गेली. मूस यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी आकार दिला, कारण सांगायचा अट्टहास केला नाही. आजकाल उलटं जास्त होतं.

मूस १९१९ पर्यंत संचालक होते. ते निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९२५ ला, बोरीबंदर ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेची रेल्वे धावली. तीही डीसीवर, तीही रुळांतून करंट परत नेणारी आणि ट्रामपेक्षा कितीतरी जास्त ताकदीची. चुंबकीय काम १९०६ नंतरही कुलाब्यातच रेंगाळलं असतं तर तेव्हा उरलंसुरलंही गेलं असतं. लंडनच्या ग्रिनिचला तर याच काळात विजेच्या रेल्वेमुळे चुंबकीय उपकरणं अॅबिंजरला न्यावी लागली. अलिबागला त्यावेळी वीस वर्षं झाली होती. मूस १९३६ साली वारले.

स्वातंत्र्यानंतर कुलाबा आणि अलिबागचं चुंबकीय काम हवामान खात्याकडे होतं. १९७१ साली ते वेगळं होऊन भारतीय भूचुंबकत्व संस्था झाली. तिचं मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे, म्हणजे तेही रायगड जिल्ह्यातच आलं. या संस्थेची संशोधकांसाठीची एक फेलोशिप नानाभाई मूस यांच्या नावानं दिली जाते. मुंबई किंवा अलिबागच्या सामान्य माणसाला विचारलं तर हे नाव कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही.

२००३ साली भारत, अमेरिका आणि ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न होता, मूस यांच्या जन्माआधीचं ते १८५९ चं वादळ नेमकं किती मोठं होतं? युरोपातल्या बऱ्याच वेधशाळांची रेघ त्या दिवशी कागदाबाहेर गेली होती. उत्तर मिळालं कुलाब्याच्या जुन्या वहीत. तेव्हा फोटोग्राफीचा कागदही आला नव्हता. वेधशाळेतल्या माणसांनी वादळ लक्षात येताच डोळ्यांनी वाचायचा वेग वाढवला होता, तासाऐवजी काही काही मिनिटांनी. त्या आकड्यांनुसार आडवा जोर १,६०० नॅनोटेस्लानं कोसळला होता. रोजचा चढउतार काही दहाचा असतो, हे आठवून बघा. आज उपग्रह, वीजग्रीड, जीपीएस यांचं सर्वात वाईट काय होऊ शकतं याची गणितं करणारे लोक हा आकडा वापरतात.

अलिबागच्या नोंदी आता डिजिटल झाल्या आहेत. एबीजी या तीन अक्षरांच्या खुणेनं त्या जगभरच्या वेधशाळांच्या जाळ्यात जातात. त्रास देणाऱ्या गोष्टी मात्र बदलल्या. ट्राम मुंबईतून १९६४ सालीच गेली. आता अलिबाग वाढतंय, इमारती येतायत. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट गाड्या घेऊन येते. चारचाकी म्हणजे टनभर लोखंड. उपकरणाच्या फार जवळून ती गेली तर रेघेत त्याची खूण पडते आणि नोंदी तपासणाऱ्याला ठरवावं लागतं, हे सूर्यावरून आलं की रस्त्यावरून.